आप्पांनी वाचलेली चौदा नावं

"फुटबॉल? आपल्याकडं कोण खेळतं फुटबॉल?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा सासऱ्यांनी विचारला, मुलगी बघायला गेलो तेव्हा. मग साडूने विचारला, मग मुलाच्या शाळेतल्या मास्तरांनी. परवा बिल्डिंगच्या वॉचमननेही विचारला. आणि त्याच्या मागोमाग दुसरा ठरलेला प्रश्न, "ते ठीक आहे हो, पण नोकरी काय करायचात?" अरे बाबांनो, तीच नोकरी होती! पंधरा वर्षं मी मैदानाच्या डाव्या बाजूला उभं राहून लोकांच्या पायातला बॉल काढून घ्यायचा पगार घेतला. फुकटचा नाही घेतला. जिना उतरताना माझे गुडघे कसे कुरकुरतात ते येऊन ऐका एकदा.

आमच्या गिरणगावात पोरं कबड्डी खेळायची, नाहीतर क्रिकेट. पण शिवाजी पार्कवर पांढरे कपडे घालून क्रिकेट खेळायला ऐपत लागते, आणि कबड्डीला मांड्या लागतात. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. भोईवाड्याच्या मैदानात संध्याकाळी एका फाटक्या बॉलमागे वीस-पंचवीस पोरं अनवाणी धावायची, त्यांत मी घुसलो. मला गोल मारायची हौस कधीच नव्हती. समोरचा बॉल घेऊन नाचत नाचत आला की माझं डोकं फिरायचं. जातोस कुठं तू? एवढीच माझी सगळी विद्या. पुढे मोठमोठ्या कोचांनी तिला चांगली चांगली नावं दिली, पण मुळात ती चीड होती.

आम्ही नायगावला चाळीत राहायचो. एक खोली, आई, आप्पा, मी आणि दोन धाकटी भावंडं. आप्पा, म्हणजे माझे वडील, परळच्या एका मिलमध्ये रिंगखात्यात होते. गाव मंडणगडकडचं, आणि आम्ही बौद्ध. विणायच्या साच्यावर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो, आणि दुसऱ्यांना आमच्या तोंडचा विटाळ, म्हणून आमच्या माणसांना तिथे पूर्वी उभंच करत नसत. कापड विणायचं दुसऱ्यांनी, आम्ही सूत कातायचं. आजोबाही रिंगखात्यात, आप्पाही रिंगखात्यात. आप्पांना त्याचा राग होता, पण ते चिडून बोलणारे नव्हते. आमच्या घरातली सगळी चीड माझ्याच वाट्याला आली असावी.

अठराव्या वर्षी मी त्याच मिलमध्ये लागलो. पण खात्यात नाही, टीममध्ये! तेव्हा काही मिलच्या स्वतःच्या फुटबॉल टीम असायच्या. लेबर ऑफिसरने मला भोईवाड्यात खेळताना बघितलं आणि कागदावर घडीखात्यात घेतलं. सकाळी प्रॅक्टिस, मग थोडा वेळ कापडाच्या घड्या मोजल्यासारखं करायचं, आणि सामना असेल त्या दिवशी मिलमध्ये जायचंच नाही. आमची हजेरीची कार्डं टीमच्या मॅनेजरकडे असत. सामन्याच्या दिवशी सकाळी तो ती टाइम ऑफिसात द्यायचा, आमच्या नावापुढे 'हजर' पडायचं, आणि आम्ही घरूनच बूट खांद्याला लावून थेट कुपरेजच्या मैदानावर. खेळणं म्हणजेच कामावर असणं.

चाळीत त्यावरून माझी यथेच्छ टिंगल व्हायची. "आमच्या हाताला घट्टे पडले तरी साहेब ओळखत नाही, आणि ह्याच्या लाथेला पगार!" आप्पा हसायचे. ते दुसऱ्या पाळीला, सामने दुपारी चारला, त्यामुळे त्यांनी मला खेळताना कधीच बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना विचारायचे, "किती झाले?" मी सांगायचो. मग म्हणायचे, "त्यातले तू किती मारलेस?" "आप्पा, मी बॅक आहे. मी मारत नाही, मारू देत नाही." "मग ठीक," म्हणायचे आणि बशीत चहा ओतायचे. दर वेळी हेच. मला वाटतं त्यांना ते उत्तर ऐकायलाच आवडायचं.

मग संप झाला. पहिले दोन महिने तर सणच होता. मोर्चे, सभा, घोषणा. सगळ्यांना वाटलं, होळीपर्यंत मिटतंय. होळी गेली, शाळांच्या परीक्षा गेल्या, घरातली भांडी जायला लागली. धाकट्या दोघांना आत्याकडे मंडणगडला पाठवलं. आई रोज सकाळी रे रोडच्या लाकडाच्या वखारीत जाऊन ढलप्या गोळा करून आणायची, कारण स्टोव्हला रॉकेल घालणं बंद झालं होतं. ती परत येईपर्यंत चूल थंड. मीही संपावरच होतो, कागदावर का होईना घडीखात्याचा कामगार होतो. पण खरं सांगायचं तर मला संपापेक्षा पाय गंजतील ह्याची जास्त काळजी होती. वीस वर्षांचा होतो मी. वीस वर्षांच्या फुटबॉलवाल्याला एक वर्ष म्हणजे किती, हे ज्याचं त्यालाच कळतं.

आप्पा मात्र संपात पुरते होते. रोज सकाळी आठला गेटसमोर जाऊन बसायचे, ऑफिसला जावं तसे, धुतलेला शर्ट घालून. सातवी शिकलेले, आवाज खणखणीत. गेटवरच्या निम्म्या लोकांना वाचता यायचं नाही, म्हणून आप्पा उभं राहून सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचे. आणि पेपरानंतर फळा. मिलने गेटच्या आत, बाहेरून दिसेल असा एक फळा लावला होता. त्यावर रोज खडूने लिहायचे, काल हजर कामगार इतके. वीस, बावीस, एखाद दिवशी पंचवीस. साहेबांचे नातेवाईक, ड्रायव्हर, स्टाफची दोन-चार माणसं. हजारोंच्या मिलमध्ये पंचवीस! तो आकडा आप्पांनी वाचला की लोक पोट धरून हसायचे. पण हसण्याच्या आधी एक क्षण सगळे गप्प असायचे, कारण आकडा फुगला म्हणजे आपल्यातलं कुणीतरी फुटलं. संप मोडायला सुरुवात तिथूनच होते, हे प्रत्येकाला माहीत होतं.

पावसाळ्यात लीग सुरू झाली. एका दुपारी आमचा टीम मॅनेजर छत्री झटकत चाळीत आला. गिरगावचा, टाइम ऑफिसातला क्लार्क, बोलणं मऊ, अगदी 'आपण बसावं' असं बोलणारा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणाला, "हे बघा, लीग काही मिल चालवत नाही. आपण उतरलो नाही तर टीम बाद होईल. मैदानात कसला आलाय संप? आणि शनिवारी ते येणार आहेत, तुम्हाला बघायला."

ते म्हणजे बॅलार्ड पिअरला ऑफिस असलेल्या एका बड्या कंपनीचे कोच. त्या कंपनीची टीम देशभर खेळायची. तिथे लागलं की पर्मनंट, आणि खेळ संपल्यावरही टेबल-खुर्ची कायम. मिलच्या टीममधली पोरं त्या कंपनीचं नाव जरा आवाज खाली करूनच घ्यायची. त्यांना लेफ्ट बॅक हवा होता.

आप्पा गेटवरून आले तेव्हा मी विचारलं. मुद्दाम विचारलं, न विचारता गेलो असतो तर पुढचं सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर असतं. आप्पांनी पाय धुतले, पंच्याने पुसले आणि म्हणाले, "खेळ की. खेळायला कसली बंदी? गेटच्या आत पाऊल टाकू नकोस म्हणजे झालं."

एवढं साधं. हजेरी आमच्या डोक्यात आलीच नाही. मला माहीत होतं खेळलं की हजेरी लागते, आप्पांना माहीत होतं, ज्या चाळीने वर्षभर माझी टिंगल केली तिला तर तोंडपाठ होतं. पण मिल बंद, भोंगा बंद, तर हजेरी कसली, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. आमच्या लेखी मिल म्हणजे ते गेट. गेटच्या अलीकडे संप, पलीकडे फितुरी. कुपरेज तर तिथून कुठल्या कुठे.

शनिवारी आम्ही चिखलात नव्वद मिनिटं खेळलो आणि शून्य-शून्य बरोबरी झाली. लेफ्ट बॅकला विचारा शून्य-शून्यची गोडी! समोरच्या टीमचा राइट विंगर त्या वर्षी सगळ्यांना पळवत होता. त्याला मी एकदाही माझ्या मागे जाऊ दिलं नाही. शेवटी शेवटी तो माझ्या बाजूला यायचाच बंद झाला. सामना संपल्यावर ते कोच माझ्याजवळ आले, वयस्कर, डोक्यावर प्लास्टिकची टोपी. म्हणाले, "सोमवार को ऑफिस आ जा. अपने मॅनेजर से चिठ्ठी लेके आ, बस." चिठ्ठी म्हणजे मिलच्या टीमने मला मोकळं केल्याचा कागद. त्याशिवाय दुसऱ्या टीमला मला घेता येत नव्हतं. मी हो म्हणालो आणि चिखलाच्या पायांनीच बस पकडली. कंडक्टर ओरडला. ओरडू दे, मला त्या दिवशी कुणाचाही राग आला नसता.

आप्पा त्या संध्याकाळी सभेला गेले होते, उशिरा आले. रविवारी सकाळी मी उठलो तर ते गेटवर गेलेले. आईला सांगितलं, ती रडली आणि माझ्या हातावर साखर ठेवली. मला धीर नव्हता, मी गेटवर निघालो.

तिथे वेगळीच गडबड होती. फळ्यावर एकोणचाळीस. आदल्या दिवसापर्यंत पंचवीस, आणि आता एकोणचाळीस! "चौदा फुटले! एका रात्रीत चौदा!" कुणी म्हणत होतं रोजंदारीचे बदलीवाले असणार, कुणी म्हणत होतं साताऱ्याकडून आणलेत. एका म्हाताऱ्याने तर डोक्याला हात लावला, "सहा महिने काढले रे, आता काय?" आणि आतून वॉचमन येऊन गेटवर कागद चिकटवून गेला. नव्याने हजर झालेल्यांची यादी. बाकीच्यांनी बघावं, आणि घाबरून यावं, म्हणून.

"आप्पा, वाचा!" सगळे ओरडले. लोकांनी वाट करून दिली, आप्पा पुढे झाले, चष्मा लावला.

मी गर्दीच्या मागे उभा. अजूनही मला कळलेलं नव्हतं, इतका मी येडा. पहिलं नाव आमच्या सेंटर फॉरवर्डचं आलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दुसरं गोलकीपरचं. तिसरं, चौथं. आप्पांना टीममधली नावं माहीत नव्हती, माझं सोडून. ते नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचत होते, प्रत्येक नाव पूर्ण, नाव, बापाचं नाव, आडनाव. पाचवं वाचलं, सहावं वाचलं. मग माझं नाव वाचलं. त्याच्यापुढे त्यांचं स्वतःचं नाव वाचलं. मग आमचं आडनाव.

आवाज हलला नाही. आठवं नाव त्याच आवाजात वाचलं आणि चौदापर्यंत गेले. मागच्यांना कदाचित कळलंही नसतं, पण पुढच्यांना कळलं.  मग आप्पा वळले, चष्मा काढला आणि म्हणाले, "सातवा माझा पोरगा. काल मॅच होती, मी त्याला खेळ म्हणालो. हजेरी लागेल हे माझ्या ध्यानात आलं नाही. चूक माझी."

कुणीतरी एकदम हसलं, "आयला, ही तर फुटबॉलची टीम!" आणि सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. खरोखर कुणी फुटलं नव्हतं. दोघा-तिघांनी माझ्या पाठीवर थापही मारली. पण तो म्हातारा म्हणाला, "टीम आहे ते आपल्याला कळलं. दुसऱ्या मिलच्या गेटवर काय जाणार? चौदा फुटले, हेच जाणार ना? नावं काढून आणा पोरांनो. उद्याच्या उद्या." आप्पांनी मान हलवली. मीही मान हलवली, आणि ती त्यांनी बघितली.

त्याच दुपारी मी आणि गोलकीपर मॅनेजरच्या घरी गिरगावात गेलो. गोलकीपर वरळीचा कोळी, माझ्याएवढाच, हात केवढाले! मॅनेजरच्या बायकोने पोहे दिले. मॅनेजर बिचारा शरमला होता. "मला वाटलं नेहमीची पद्धत आहे, म्हणून कार्डं दिली. ते असा उपयोग करतील असं मनातही आलं नाही." मग दाराकडे बघत म्हणाला, "काल आम्ही मिलच्या कामावर नव्हतो, असं सही करून द्या. मी उद्या नाव काढायला लावतो, माझी जबाबदारी. पण मग तुम्ही काल आमच्या टीमचे नव्हतात असा त्याचा अर्थ होतो. कार्ड रद्द होईल. मग मी तुम्हाला चिठ्ठी कशी देणार? मला वरून देऊच देणार नाहीत."

गोलकीपरने पोह्याची डिश खाली ठेवली आणि म्हणाला, "कागद दे." एका मिनिटात सही केली. त्याला कुणी बघायला आलं नव्हतं असं नाही, त्याच्याबद्दलही बोलणं चाललं होतं. मी पेन हातात घेतलं. मग म्हणालो, "उद्या सांगतो."

बाहेर रस्त्यावर मला त्याला तोंड दाखववेना. त्यानेच माझा खांदा धरला. "तुझं वेगळं आहे रे. माझी होडी आहे. उद्या फुटबॉल नसला तरी समुद्र आहे. तुझं काय आहे?" ह्यावर मला रडूच आलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, ते मी त्या दिवशी गिरगावपासून नायगावपर्यंत पायी चालत अनुभवलं. घरी आई ढलप्या फोडत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू सोमवारी बॅलार्ड पेरला जा. मी सांगते जा. तुझ्या बापाच्या संपाने माझी दोन पोरं गावाला गेली, तिसऱ्याचं वाटोळं मी होऊ देणार नाही." आप्पा तिथेच बसून जेवत होते. भात आणि सुकटाची चटणी.  जेवले, ताट धुतलं आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मी त्यांना विचारलं नाही. पहिल्यांदा विचारलं होतं, कारण उत्तर सोपं येणार हे माहीत होतं. ह्या वेळी विचारायची छातीच झाली नाही.

सोमवारी मी चिठ्ठी घेतली. गेटवरच्या यादीत एकाच नावावर काट मारलेली होती, गोलकीपरच्या. बाकीचे बारा गोव्याकडचे, माहीमचे, कुणी स्टाफचे. त्यांना कुणी काही म्हटलं नाही, त्यांचे बाप गेटवर बसत नव्हते.

त्या दिवसापासून आप्पांनी गेटवर पेपर वाचणं सोडलं. कुणी वाचू नका म्हणालं नाही, उलट आग्रह केला. पण आपलेच दात आपलेच ओठ, कुणाला काय सांगणार? ते रोज आठला जायचे, धुतलेला शर्ट घालून, आणि समोरच्या फुटपाथवर भिंतीला टेकून बसायचे, गर्दीच्या मागे. संप कधी मिटला असं कुणी सांगितलंच नाही. एकेक जण जाऊन आत उभा राहिला, काहींना घेतलं, काहींना नाही. आप्पा गेलेच नाहीत. पुढे माटुंग्याच्या एका कॉलनीत वॉचमन झाले. खाकी शर्ट, हातात काठी. रिंगखात्यात धावत्या चात्यांमधला तुटलेला धागा चालता चालता जोडणारा माणूस, मोटारींना गेट उघडून देत उभा.

आणि मी खेळलो. उगाच विनय दाखवत नाही, चांगला खेळलो. कोलकात्याला खेळलो, गोव्याला खेळलो, केरळमध्ये पन्नास हजार माणसं आपल्याविरुद्ध ओरडतात तेव्हा कान कसे बंद होतात ते बघितलं. एकदा देशाच्या टीमच्या शिबिरापर्यंत गेलो, पंचवीसात होतो, अठरात आलो नाही. डावा गुडघा दोनदा फाटला, दोन्ही वेळा परत आलो. पस्तिशीला खेळ थांबला तेव्हा कंपनीने खरोखरच टेबल-खुर्ची दिली, आणि तेव्हा साहेबाला कळलं की ह्या माणसाला फाइल कुठून उघडतात तेसुद्धा माहीत नाही. धाकटी दोघं माझ्या पगारावर शिकली. बहीण नर्स झाली. आईची चूल गेली, गॅस आला.

चाळीतल्या पोरांनी माझं नाव 'हजर' ठेवलं होतं. जिन्यात दिसलो की ओरडायची, "हजर!" सुरुवातीला मी मारायला धावायचो. नंतर तेच नाव प्रेमाचं झालं, पेपरात फोटो आला की आख्खी चाळ ओरडायची. आई एकदा फायनलला आली, नवी साडी नेसून. समोरच्याने मला पाडलं तर उभी राहून किंचाळली, "मेल्या, हात लावून बघ परत!" बाजूचे साहेब लोक दचकले. आप्पा कधीच आले नाहीत. प्रत्येक मोठ्या सामन्याचा पास मी फळीवर ठेवायचो, ते म्हणायचे, "ड्युटी आहे." आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना, "किती झाले?" एवढंच. "तू किती मारलेस," हे त्यांनी त्या रविवारनंतर कधी विचारलं नाही.

गोलकीपर मला भाऊच्या धक्क्यावर भेटायचा, अधूनमधून. होडी त्याने मोठी केली होती. पापलेट पेपरात गुंडाळून द्यायचा आणि पैसे काढले की शिव्या घालायचा. खेळाची गोष्ट त्याने कधी काढली नाही. मी काढली तर म्हणायचा, "सोड ना रे." त्याच्या मनात खरंच काही नसावं. माझ्याच मनात असायचं.

आप्पा माझ्याकडे शेवटची सहा-सात वर्षं होते. आई आधी गेली. वर्ल्ड कप चालू होता, संध्याकाळचा सामना, आप्पा आणि मी टीव्हीसमोर. ते पंच्याहत्तरीचे, मी पन्नाशीच्या उंबऱ्यावर. मध्येच आप्पा म्हणाले, "हा डावीकडचा सारखा पुढं का धावतो? मागची जागा मोकळी पडते ना."  हे त्यांना कुठून कळलं? कधीपासून बघत होते? आणि मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं गिळलेलं एकदम बाहेर आलं.

"आप्पा, त्या दिवशी गेटवर माझं नाव तुम्ही का वाचलंत? मागच्यांना कागद दिसत नव्हता, आणि निम्म्यांना वाचता येत नव्हतं. गाळलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता."

ते टीव्हीकडेच बघत होते. आवाज थकलेला होता, पण चिडलेला नव्हता. "गाळायचं कशाला? तू चोरी थोडीच केली होतीस. दुसऱ्या दिवशी तू नाव काढून आणणार, ही खात्री होती मला. म्हणून तर मोठ्यानं वाचलं."

  तेवढा बाप्या गडी, दोन पोरांचा बाप, मी टीव्हीसमोर बसून लहान पोरासारखा रडलो.  आप्पांनी माझ्या गुडघ्यावर, त्या फाटलेल्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आता कशाला रडतोस?" म्हणाले. "तुझ्या त्या पगाराचं मी पण जेवलोच की. पहिल्या महिन्यापासून. एक दिवस ताट सरकवलं नाही."

हे त्यांनी बोलायला नको होतं. त्यापेक्षा त्या रविवारी गेटवर, सगळ्यांसमोर, माझ्या एक थोबाडीत दिली असती तर फार बरं झालं असतं.